घरात कोकोपीटमध्ये वाढवलेला गांजा ‘प्युअर’ असतो, म्हणून सुरक्षित असतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक आई आपल्या तेवीस वर्षांच्या मुलाला घेऊन पायरीवर बसली होती. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा पुण्यात नोकरीला. चार दिवसांपूर्वी गावी आला आणि दोन दिवसांपासून त्याच्या उलट्या थांबत नव्हत्या. पोटात पीळ, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, लघवी जवळजवळ बंद. सोबत पिशवीभर जुने कागद. आठ महिन्यांतली ही चौथी खेप होती. सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बिणीची तपासणी नॉर्मल, पित्ताच्या गोळ्या मात्र तीन प्रकारच्या चालू.

सलाईन लावत असताना आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हा दिवसातून सहा-सहा वेळा कढत पाण्यानं आंघोळ करतोय. अंगावर गरम पाणी पडलं की बरं वाटतं म्हणतो. शेजारची म्हणाली, बाहेरचं काहीतरी असेल.”

निदानाचा धागा त्या आंघोळीतच होता. आईला औषधं आणायला पाठवलं आणि मुलाला सरळ विचारलं, “गांजा ओढतोस का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ओढतो सर. रोज. पण बाहेरचा नाही. आमच्या रूमवरच लावलाय, कोकोपीटमध्ये. कलमं आणून. एकदम प्युअर.”

हा ‘प्युअर’ शब्द मी गेल्या दोन-तीन वर्षांत वरचेवर ऐकतो आहे. वाटूर फाट्यावरून जालना, तिथून पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर, असा आपल्या भागातल्या मुलांचा शिक्षण-नोकरीचा रस्ता आहे. त्यातल्या काहींच्या मनात ही समजूत पक्की बसलेली आहे. बाहेरच्या गांज्यात काय मिसळलंय सांगता येत नाही; आपण डोळ्यांसमोर वाढवलेल्यात भेसळ नाही; म्हणून त्रास नाही. यातला पहिला भाग खरा आहे. शेवटचा साफ चूक आहे, आणि चूक का आहे ते समजायला थोडं झाडाकडे बघावं लागेल.

कलम आणि कोकोपीटनं काय साधतं?

कोकोपीट आपल्याला नवीन नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना उरणारा हा भुसा. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही रोपवाटिकेत मिरची-टोमॅटोची रोपं त्यावरच उगवतात. पाणी धरून ठेवतो, मुळांना हवा मिळू देतो, स्वतःचं खत जवळजवळ काही देत नाही. म्हणजे झाडाला काय आणि किती मिळणार हे पूर्णपणे वाढवणाऱ्याच्या हातात येतं. कोकोपीटनं गांजा शुद्ध होत नाही आणि विषारीही होत नाही. खरी गोम आहे कलमात.

मोसंबीवाल्याला कलमाचं महत्त्व सांगायला नको. बीपासून झाड कसं निघेल याचा भरवसा नसतो, कलमाचं झाड मात्र आईसारखं निघतं. गांज्याच्या झाडात तर नर आणि मादी वेगळी असतात, पपईसारखी. नशेचा चीक मुख्यतः मादीच्या फुलोऱ्यात तयार होतो. आणि मादीला नराचा पराग मिळाला नाही, बी धरलं नाही, तर हा चीक आणखी वाढतो. हे ज्ञान आजचं नाही. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाच्या अहवालात बंगालच्या शेतांवरच्या ‘पोद्दार’ नावाच्या जाणकारांचा उल्लेख आहे. शेतात फिरून नर झाडं ओळखून उपटणं हे त्यांचं काम. इंग्रज त्यांना चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. आमच्या व्यवसायाचं नाव कुठे कुठे लागलं आहे ते बघा!

पण शेतात कितीही लक्ष दिलं तरी एखादा नर निसटतो, पाऊस पडतो, ऊन कमी-जास्त होतं. बंद खोलीत हे काहीच होत नाही. सगळी झाडं एकाच तगड्या मादीची कलमं, सगळी सारखी, दिव्याचा प्रकाश ठरलेला, पराग नाही. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच: प्रत्येक फुलात जास्तीत जास्त नशा. माझ्या पेशंटनं ज्याला शुद्धता म्हटलं ती खरं तर तीव्रता होती.

किती तीव्र?

गांज्यातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो १९६४ मध्ये इस्रायलमधल्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळा काढला. दुसरा महत्त्वाचा घटक सीबीडी. त्यानं नशा येत नाही. उलट टीएचसीचे काही परिणाम तो थोडेफार सौम्य करतो असं दिसतं.

अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालाची वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत तपासणी होते. तिथे १९९५ मध्ये टीएचसीचं सरासरी प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. याच काळात सीबीडी घटत गेलं. १९९५ मध्ये टीएचसी सीबीडीच्या साधारण १४ पट होतं, २०१४ मध्ये ८० पट. म्हणजे वेग वाढवला आणि ब्रेकही काढून टाकला. घरात निवडक कलमांपासून वाढवलेल्या फुलांत हे प्रमाण याहूनही वर जाऊ शकतं. आणि रूमवर वाढवणाऱ्याकडे ते मोजायचं साधन नसतं. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, पण तिथे पाकिटावर टीएचसीचं प्रमाण छापावं लागतं आणि वयाची अटही आहे. ‘परदेशात चालतं’ म्हणणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

‘आमचे आजोबा भजनाला बसायच्या आधी चिलीम ओढायचे, त्यांना काही झालं नाही,’ हे मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. आजोबांच्या चिलमीत बियांसकट, पानांसकट, उन्हात वाळलेला शेतातला माल होता. त्यांना काहीच झालं नाही हेही मी खात्रीनं सांगणार नाही. पण तो माल आणि हा माल यांत शिंदी आणि हातभट्टीइतका फरक आहे.

आणि घरचं, नैसर्गिक, बिनभेसळीचं म्हणाल तर धोतराही तसाच असतो. बांधावर उगवतो, कुणी फवारत नाही. धोतऱ्याचं बी खाऊन भ्रमिष्ट झालेला माणूस ज्यानं एकदा पाहिला आहे, तो ‘नैसर्गिक आहे’ हे कारण पुन्हा देत नाही.

उलट्या आणि गरम पाणी

आता त्या मुलाच्या आजाराकडे येऊ. दीर्घकाळ, बहुधा रोज गांजा घेणाऱ्यांपैकी काहींना अशा उलट्यांचे झटके येतात. याचं सविस्तर वर्णन पहिल्यांदा २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी केलं. वैद्यकीय भाषेत याला कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम म्हणतात. आपण ‘गांजाच्या उलट्या’ म्हणू.

गंमत अशी की टीएचसी थोड्या प्रमाणात मळमळ कमी करतं. कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर काही देशांत त्यापासून बनवलेली गोळी वापरतात. पण महिनोन् महिने भरपूर मात्रा जात राहिली की आतडं आणि मेंदू यांच्यातली ही यंत्रणा बिघडते आणि उलटा परिणाम सुरू होतो. पेशंटला सकाळी मळमळतं. तो ती घालवायला आणखी ओढतो. झटका आणखी जोराचा येतो. गरम पाण्यानं तात्पुरतं बरं का वाटतं याचं पूर्ण उत्तर अजून नाही, पण त्वचेतल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांशी त्याचा संबंध असावा असं मानतात. मिरचीतल्या तिखटपणाच्या द्रव्याचं, म्हणजे कॅप्सेसिनचं मलम पोटावर चोळल्यावर काहींना आराम पडतो, तो याच वाटेनं. (म्हणून घरी मिरचीपूड चोळू नका, कातडी भाजते. आणि कढत पाण्यानं पाठ भाजून घेतलेले पेशंटही असतात.)

या आजारात नेहमीची उलटीची इंजेक्शनं बऱ्याचदा पुरी पडत नाहीत. वेगळी औषधं लागतात आणि ती दवाखान्यात देखरेखीखाली द्यायची असतात. धोका उलटीपेक्षा पाणी आणि क्षार कमी होण्याचा. पोटॅशियम घसरलं तर हृदयाची लय बिघडते, फार कोरडं पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्या मुलाचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणून त्याला मी दवाखान्यात न ठेवता त्याच दिवशी जालन्याला पाठवलं.

वारंवार होणारी प्रत्येक उलटी गांजाचीच असते असं नाही. अल्सर, स्वादुपिंडाची सूज, पित्ताशयातले खडे, आतड्याला पीळ, मुलींमध्ये गर्भधारणा, हे सगळं आधी तपासावंच लागतं. पण तपासण्या पुन्हा पुन्हा नॉर्मल येत असतील आणि पेशंट तासन् तास न्हाणीघरात असेल, तर डॉक्टरनं हा प्रश्न विचारायला हवा. आधीच्या तीन वेळांना तो विचारला गेला नव्हता. विचारला असता तर त्यानं खरं सांगितलं असतं का, तेही सांगता येत नाही.

कायमचा उपाय एकच, गांजा पूर्ण बंद करणं. बंद केल्यावर काहींना काही दिवसांत बरं वाटतं, काहींना काही महिने लागतात. पुन्हा सुरू केला की झटका बहुधा परत येतो, मग कोकोपीटमधला असो की चिलमीतला.

डोक्यावरचा परिणाम: याची मला जास्त भीती वाटते

उलट्यांचा पेशंट निदान दवाखान्यात येतो. दुसरा परिणाम असा की त्यात आपल्याकडे पेशंट आधी देवऋषीकडे जातो.

मुलगा रात्र-रात्र जागतो. शेजारी आपल्याबद्दल बोलतात म्हणतो. मोबाइलमधून कुणी पाळत ठेवतंय म्हणून सिम तोडून टाकतो. कानात आवाज येतात. मराठवाड्यात याला ‘भानामती’ म्हणणारे अजून आहेत, आणि त्या नादात दोन-दोन महिने जातात. सायकोसिसच्या पहिल्या झटक्यात जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितकं पुढचं बरं असतं. गेलेले ते दोन महिने महागात पडतात.

स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेऊन १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भरतीपर्यंत ५० पेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहापट निघाला. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांच्या अभ्यासात तीव्रता वेगळी मोजली गेली. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिस आढळण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट होती. यावरून प्रत्येक ओढणाऱ्याला वेड लागतं असा अर्थ काढू नका. बहुतेकांना लागत नाही. पण कमी वयात सुरुवात, रोजची सवय, तीव्र माल आणि घरात कुणाला असा आजार असणं, ही चार कारणं एकत्र आली की धोका फार वाढतो. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. रूमवर कलमं लावणारी मुलं नेमकी त्याच वयाची असतात.

माझ्या पेशंटला मी विचारलं, घरात कुणाला मानसिक त्रास आहे का? तो म्हणाला, “चुलते आहेत. पण ते वेगळं.” ते वेगळं नव्हतं.

बंद खोलीतली हवा

ही बाजू ‘प्युअर’वाल्यांच्या गावीही नसते. दमट कोकोपीट, बंद दारं-खिडक्या, उबदार हवा, म्हणजे बुरशीसाठी पंगतच. ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे कण वाळलेल्या फुलांवरही टिकतात आणि धुरासोबत फुप्फुसात जाऊ शकतात. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण दमा असलेल्याचा दमा बळावतो, आणि ज्याला पूर्वी क्षयरोग होऊन फुप्फुसात पोकळी राहिली आहे त्याच्या त्या पोकळीत या बुरशीचा गोळा धरू शकतो. आपल्या भागात क्षयरोग होऊन गेलेले लोक घरोघरी सापडतील, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी किंवा स्टिरॉइड चालू असलेल्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

मग बुरशी आली की फवारणी येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. इथे तर माणूस त्याच खोलीत झोपतो. द्राक्षावरच्या भुरीसाठी मिळणारं मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक जळतं तेव्हा त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. द्राक्ष आपण खातो, जाळून त्याचा धूर घेत नाही. पिकावर चालणारं औषध धुरात चालेलच असं नाही, एवढा साधा विचार रूमवर कुणी करत नाही. शिवाय एकाच सॉकेटवर लोंबकळणारे जड दिवे आणि पाणी शेजारी-शेजारी. त्याबद्दल डॉक्टरपेक्षा वायरमन जास्त सांगेल.

कायद्याचं थोडक्यात

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं परवानगीशिवाय गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. शेतात, गच्चीवर की खोलीत, याने फरक पडत नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं पिकांना भाव नाही म्हणून दोन एकर गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्याची बातमी झाली, परवानगी मिळाली नाही. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा बंदी असलेल्या अमली पदार्थांच्या यादीतून काढला. तेव्हापासून बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक’ गांजा सापडल्याच्या बातम्या सतत येतात. आपल्याकडचा कायदा त्यामुळे बदललेला नाही.

पालकांना मात्र याच कायद्यातलं कलम ६४-अ माहीत असावं. व्यसन लागलेली व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. झाड लावण्याच्या गुन्ह्याला असं सरसकट संरक्षण आहे असं समजू नका. तिथे वकिलाचा सल्ला घ्या. आणि तुम्ही डॉक्टरला सांगितलेलं उपचारासाठीच असतं. मी पेशंटनं गांजा घेतल्याचं ऐकून पोलिसांना फोन करत नाही.

सोडताना काय होतं?

‘गांजाचं व्यसन लागत नाही’ ही दुसरी पक्की समजूत. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, भांग-गांजा-चरस यांच्या वापरामुळे ज्यांना मदतीची गरज आहे अशांची संख्या सुमारे ७२ लाख निघाली.

रोजचा गांजा एकदम बंद केला की एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, घाम, विचित्र स्वप्नं सुरू होतात. पहिला आठवडा सर्वांत वाईट असतो, दोन-तीन आठवड्यांत बरंचसं ओसरतं. टीएचसी चरबीत साठतं म्हणून लघवीच्या तपासणीत ते कित्येक आठवडे दिसू शकतं. त्यावरून मुलगा खोटं बोलतो असं लगेच ठरवू नका. सवय सोडवणारी हमखास गोळी अजून नाही. समुपदेशन, झोपेची शिस्त, मित्रांची बैठक बदलणं यानंच काम होतं आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं झोपेच्या गोळ्या आणू नका आणि गांजाच्या जागी दारू धरू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. प्रत्यक्ष जायचं तर जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग.

उलट्या चालू असताना लघवी आठ-दहा तास झाली नाही, चक्कर येऊन पडला, छातीत धडधडतंय, उलटीत रक्त आहे, किंवा बोलण्यात भ्रम आहे, जीव द्यायची भाषा आहे, तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

त्या दिवशी मुलाच्या आईला सांगायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं. मी नको म्हणालो; तूच सांग, मी बसतो. त्यानं मोबाइलवर रूममधल्या झाडांचा फोटो काढून दाखवला. आईनं चष्मा सावरून पाहिला आणि म्हणाली, “अरे, ही तर अंबाडी!” तिची चूक नव्हती. अंबाडीची पानं गांज्यासारखी दिसतात म्हणूनच तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ हा शब्द आला आहे. नातं काहीच नाही, नशाही नाही. भाजी खुशाल खावी.

तीन आठवड्यांनी तो दाखवायला आला. उलटी नाही, वजन तीन किलो वाढलेलं, झोप अजून तुटक. चुलत्यांची फाइल घेऊन जालन्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटून ये म्हटलं, तर भेटून आला होता. रूम बदलली का, असं विचारलं.

“अजून नाही सर. डिपॉझिट दहा तारखेला मिळणार आहे. तोपर्यंत मी गावीच आहे.”